स्टेरॉइड मलम

स्टेरॉइड मलम : त्वचेचा दाह, लाली आणि खाज शमवण्यासाठी वरून लावायचे कॉर्टिकोस्टेरॉइड गटातील औषध. इसब, सोरायसिस, लायकेन प्लॅनस (जांभळट, खाजऱ्या पुळ्यांचा विकार), स्पर्शामुळे उठणारी ॲलर्जी यांवर ते नेहमी वापरले जाते. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींतून पाझरणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाशी या गटाचे नाते आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि या कामासाठी १९५० मध्ये त्यांना एडवर्ड केंडल व टाडेयुस राइखस्टाइन यांच्यासह नोबेल मिळाले. त्वचेवर लावायचे हायड्रोकॉर्टिसोन १९५२ मध्ये आले.

हे औषध पेशीत शिरून दाह वाढवणाऱ्या द्रव्यांची निर्मिती मंदावते आणि त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे खाज काही दिवसांत उतरते. ती कशामुळे सुटली होती, याच्याशी औषधाला देणेघेणे नसते, आणि भारतातला बहुतेक गैरवापर इथूनच सुरू होतो. जांघेतल्या नायट्यावर हे मलम लावले की आराम पडतो. पण त्या जागेची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी आत पसरत राहते, कडेची खवलेदार वर्तुळे पुसट होतात आणि चट्टा डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणतात. मलम थांबवले की खाज जोराने परतते आणि रुग्ण मेडिकलमधून पुन्हा तीच ट्यूब आणतो. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तीन-चार औषधे एकत्र असलेली मलमे यात सर्वांत पुढे आहेत. देशात पसरलेल्या हट्टी नायट्यामागे ट्रायकोफायटन इंडोटिनी ही टर्बिनाफाइन या बुरशीनाशकाला अनेकदा दाद न देणारी बुरशी आहे. या मिश्र मलमांनी तिला हातभार लावला, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

दुसरा गैरवापर चेहऱ्यावरचा. मोमेटासोन हे स्टेरॉइड, डाग फिके करणारे हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण वांगांसाठी थोडे दिवस देण्याचे औषध आहे, पण ते गोरेपणाचे क्रीम म्हणून महिनोन्‌महिने चोळले जाते. त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्यांचे लाल धागे दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, आणि क्रीम सोडताच चेहरा भाजल्यासारखा पेटतो. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडे औषध नियमांच्या अनुसूची ‘एच’खाली आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. काउंटरवर नुसते नाव सांगून ट्यूब मिळणे त्याने थांबलेले नाही.

सुरक्षितता ठरते ती तीव्रता, जागा, मात्रा आणि मुदत यांवर. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, तर ०.०५ टक्के क्लोबेटासॉल अतितीव्र. आकडा छोटा म्हणून औषध सौम्य, हा समज साफ चुकीचा. क्लोबेटासॉल सलग दोन आठवड्यांहून जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमहून अधिक वापरू नये. तळहात-तळपायांच्या जाड त्वचेला तीव्र औषध लागते. चेहरा, जांघ, काख आणि अंडकोषाची त्वचा मात्र ते झपाट्याने शोषते. लंगोटाखाली किंवा प्लॅस्टिकच्या आवरणाखाली हे शोषण आणखी वाढते. पापण्यांवर दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. मात्रा मोजायला प्रौढाच्या तर्जनीचे शेवटचे पेर पुरते : पेरभर लांबीची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात बोटांसह दोन तळहातांइतकी जागा माखते. पंजासह पूर्ण हाताला अशा चार रेघा लागतात, पायाला पावलाशिवाय सहा.

भीतीही नुकसान करते. स्टेरॉइडचे नाव ऐकून इसब झालेल्या बाळाला आईवडील तीळभर मलम लावतात, इसब आटोक्यात येत नाही, आणि मूल रात्रभर खाजवत राहते. योग्य तीव्रतेचे मलम पुरेशा प्रमाणात, थोडे दिवस, दिवसातून एकदा किंवा दोनदा लावणे आणि सोबत मॉइश्चरायझर भरपूर वापरणे, हे अशा अर्धवट उपचारापेक्षा कितीतरी बरे.

पोटातून घ्यायच्या प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्यांचे नियम याहून कडक आहेत. त्या सहसा सकाळी खाल्ल्यानंतर घेतात. त्यांनी रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, दबलेला क्षयरोग उफाळू शकतो. २०२१ च्या कोविड लाटेत महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिसचे (‘काळ्या बुरशी’चे) जे रुग्ण दिसले, त्यांच्यात अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही जोडी वारंवार आढळली. साधारण तीन आठवड्यांहून जास्त दिवस गोळ्या घेतल्यास शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल कमी बनवू लागते. म्हणून त्या एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करतात. सांधेदुखीच्या ‘जडीबुटी’च्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइडची भेसळ सापडते, आणि रुग्णाला आपण ते घेत आहोत याची कल्पनाही नसते. गोळ्या चालू असताना शस्त्रक्रिया किंवा मोठे आजारपण आले, तर ही माहिती डॉक्टरांना आधी द्यावी लागते, कारण अशा वेळी मात्रा तात्पुरती वाढवावी लागू शकते.