पॉप संगीतातील चढाओढ व असूया

जवळपास एकाच श्रोतृवर्गासाठी गाणाऱ्या नामवंत कलाकारांमध्ये क्रमवारीतले स्थान, श्रेय आणि पैसा यांवरून होणारी स्पर्धा. ती दोन बँडमध्ये असते, तशीच एका बँडमधल्या सहकाऱ्यांतही असते. वर्तमानपत्रांत पहिलीच गाजते. पण बँड फुटतात ते बहुधा दुसरीमुळे.

क्रमवारी आठवड्याच्या खपावर, आता स्ट्रीमिंगवरही, ठरते आणि अव्वल जागा एकच असते. त्यामुळे मोठी नावे सहसा एकमेकांच्या तारखा टाळतात. बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स या बँडना हाडवैरी म्हणून रंगवले जात असतानाही आपली सिंगल्स (अल्बमऐवजी सुटी निघणारी गाणी) एकाच वेळी बाजारात येऊ नयेत, याची ते काळजी घेत. स्टोन्सचे १९६३ मधले दुसरे सिंगल तर बीटल्सच्या लेनन-मॅकार्टनी यांनीच लिहून दिले होते.

हा संकेत उघडपणे मोडला गेला तो ब्रिटनमध्ये, १४ ऑगस्ट १९९५ रोजी. ब्लर या बँडचे ‘कंट्री हाउस’ आणि ओएसिस या बँडचे ‘रोल विथ इट’ एकाच दिवशी निघाले. ब्लरने आपले सिंगल दोन वेगवेगळ्या सीडींवर काढले. दोन्हींवरची जोडगाणी निराळी असल्याने चाहते दोन्ही घेत आणि दोन्हींचा खप एकाच गाण्याच्या नावावर जमा होई. आठवड्याअखेर ब्लरच्या सुमारे २,७४,००० प्रती खपल्या, ओएसिसच्या सुमारे २,१६,०००. हा विजय मात्र आठवड्यापुरताच ठरला. ऑक्टोबरमध्ये आलेला ओएसिसचा अल्बम ब्रिटनमधल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक झाला आणि ब्लर मागे पडले. चढाओढ विखारीही झाली: ओएसिसचे नोएल गॅलाघर ब्लरच्या दोघांविषयी मुलाखतीत इतके हीन बोलले की गॅलाघर यांना जाहीर माफी मागावी लागली. सिंगलच्या खपावरून बँडचे बळ जोखणे चुकीचे, कारण त्या आकड्यात तारीख, किंमत आणि आवृत्त्यांची संख्या यांचा वाटा मोठा असतो.

बँडच्या आतली असूया बहुतेक वेळा गीतलेखनाच्या रॉयल्टीतून उगवते. ध्वनिमुद्रणाचा मोबदला आणि गीतकार-संगीतकाराचा मोबदला ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्यात सर्वांचा वाटा असू शकतो. दुसरे फक्त ज्याच्या नावावर गाणे आहे त्याचे. तबकडीच्या काळात प्रत्येक प्रतीमागे दोन्ही बाजूंच्या गाण्यांना सारखीच लेखन-रॉयल्टी मिळे, मग मागची बाजू कोणी ऐको वा न ऐको. क्वीन या बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या (१९७५) तबकडीच्या मागच्या बाजूला ड्रमवादक रॉजर टेलर यांचे गाणे होते, म्हणून फ्रेडी मर्क्युरी यांच्या गाण्याइतकीच लेखन-रॉयल्टी त्यांनाही मिळाली आणि त्यावरून बँडमध्ये धुसफूस झाली. १९८९ च्या अल्बमपासून क्वीनने सगळी गाणी बँडच्या सामाईक नावावर लावली. आरईएम या बँडने ही पद्धत सुरुवातीपासूनच पाळली होती.

लेखी करार नसला की भांडण कोर्टात जाते. द स्मिथ्स या बँडमध्ये ध्वनिमुद्रण व कार्यक्रमांच्या उत्पन्नातून मॉरिसी आणि जॉनी मार प्रत्येकी ४० टक्के घेत, उरलेल्या दोघांना १०-१० टक्के मिळत. ड्रमवादक माइक जॉइस यांनी दावा लावला आणि १९९६ मध्ये २५ टक्क्यांचा हक्क मिळवला. वाटे ध्वनिमुद्रणाआधी, दोन्ही खात्यांसाठी वेगवेगळे लिहून ठेवलेले बरे. गाणे गाजल्यावर प्रत्येकाला आपलाच भाग मोलाचा वाटतो.

चढाओढीतून उत्तम संगीतही घडले आहे. बीटल्सच्या ‘रबर सोल’ या अल्बमने बीच बॉइज या बँडच्या ब्रायन विल्सन यांना १९६६ च्या ‘पेट साउंड्स’ या अल्बमसाठी चेतवले आणि तो ऐकून मॅकार्टनी ‘सार्जंट पेपर’ या अल्बमकडे वळले. या शर्यतीतला विल्सन यांचा पुढचा अल्बम ‘स्माइल’ मात्र १९६७ मध्ये अर्धवट सोडला गेला.

स्ट्रीमिंगच्या काळात तारखेचा डाव निराळ्या तऱ्हेने टाकता येतो, कारण जुनी गाणीही हव्या त्या दिवशी पुन्हा उपलब्ध करता येतात. ९ जून २०१७ रोजी गायिका केटी पेरी यांचा ‘विटनेस’ हा अल्बम आला, त्याच दिवशी गायिका टेलर स्विफ्ट यांचे सगळे जुने अल्बम स्पॉटिफायवर परतले. विक्रीचा मोठा टप्पा गाठला, हे कारण सांगितले गेले. पण दोघींतला वाद सर्वांना ठाऊक असल्याने चाहत्यांनी तो डाव म्हणूनच पाहिला. २०१९ मध्ये स्विफ्ट यांच्या एका व्हिडिओत दोघींनी एकमेकींना मिठी मारली.