मधपेट्यांची हिवाळी तयारी

थंड प्रदेशांत पाळलेल्या युरोपीय मधमाशीच्या (एपिस मेलिफेरा) वसाहती हिवाळ्यात तगाव्यात म्हणून मधपाळ उन्हाळा सरता सरता जी कामे हाती घेतो, त्यांना मिळून हिवाळी तयारी म्हणतात. कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये, पोलंड, स्वीडन या भागांत वर्षातले कित्येक महिने फुलोरा नसतो. नवशिक्या मधपाळाला पहिली धास्ती थंडीची वाटते आणि तो पेटी गुंडाळायच्या मागे लागतो. प्रत्यक्षात निरोगी, कोरडी आणि भरपूर मध असलेली वसाहत कॅनडातला उणे ३० अंश सेल्सिअसचा गारठाही सोसते. वसाहती दगावतात त्या बहुधा वरोआ कोळी (माश्यांच्या अंगावर जगणारा बारीक परजीवी), उपासमार किंवा ओल यांमुळे, आणि या तिन्हींचा बंदोबस्त बर्फ पडण्याच्या कितीतरी आधी करावा लागतो.

माश्यांचा गोळा

मधमाशी शीतनिद्रा घेत नाही. बाहेरचे तापमान १४ अंशांच्या आसपास उतरले की माश्या राणीला मध्ये घेऊन पोळ्यांवर दाट गोळा करतात. बाहेरच्या थरातल्या माश्या डोकी आत करून एकमेकींना चिकटून बसतात. आतल्या पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात. अंडी-अळ्या असताना गोळ्याच्या मध्यभागी ३३ ते ३५ अंश तापमान राखले जाते, नसताना ते बरेच खाली येऊ दिले जाते. या उबेचे इंधन म्हणजे मध. गोळा मध खात हळूहळू वर सरकतो, म्हणून साठा त्याच्या डोक्यावर आणि लगत असावा लागतो. कडाक्याच्या थंडीत गोळा जागचा हलू शकत नाही आणि चार बोटांवर मधाने भरलेले पोळे असताना माश्या उपाशी मरतात. राणीला मधकोठीत (मध साठवायच्या वरच्या कप्प्यात) जाऊ न देणारी जाळी शरदात काढून टाकण्याचे कारण हेच: गोळा वर जातो, राणी जाळीखाली राहते आणि गारठून मरते.

तयारीचा खरा काळ

उन्हाळी कामकरी माशी चार ते सहा आठवडे जगते; शरदात जन्मलेली माशी चार ते सहा महिने, कधी त्याहूनही जास्त. या हिवाळी माश्यांच्या शरीरात प्रथिने आणि मेद यांचा मोठा साठा असतो, आणि वसंतातली पहिली पिल्ले त्यांनाच वाढवायची असतात. वरोआ कोळी पिल्लांच्या बंद घरांत वाढतो, माश्यांचा हा मेदसाठाच खातो आणि पंख वाकडे करणारा विषाणू पसरवतो. मूळचा आशियाई मधमाशीवरचा हा परजीवी विसाव्या शतकात मेलिफेरावर आला. त्याच्यावरचे उपचार ऑगस्टमध्ये किंवा फार तर सप्टेंबरच्या सुरुवातीला झाले, तरच हिवाळी माश्या धडधाकट जन्मतात. ऑक्टोबरमध्ये कोळी मारले तरी आधीच पोखरलेल्या माश्या सुधारत नाहीत. या साऱ्या तयारीत एकच काम वेळेवर करता येणार असेल, तर ते हे असावे.

त्यासाठी सुमारे ३०० माश्या अल्कोहोलमध्ये खळबळून गळालेले कोळी मोजतात. शंभर माश्यांमागे तीन कोळी ही उपचाराची पुष्कळ ठिकाणी मानलेली मर्यादा आहे. थायमॉल किंवा फॉर्मिक आम्ल हवा उबदार असतानाच नीट काम करते. ऑक्झॅलिक आम्ल बंद घरांतल्या कोळ्यांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ते पिल्ले नसतानाच्या काळात, नोव्हेंबर-डिसेंबरात वापरतात. दुबळी वसाहत एकटी ठेवण्यापेक्षा निरोगी शेजारणीत मिसळणे बरे. दोन कोठ्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालतात. माश्या तो कुरतडेपर्यंत वास एक होतो आणि भांडण टळते.

साठा

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत एका वसाहतीला ३५ ते ४० किलो मध लागतो. अनुभवी मधपाळ पेटी मागून किंचित उचलून वजनाचा अंदाज घेतात. साठा कमी असेल तर दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा घट्ट पाक देतात. तोही हवा उबदार असतानाच, कारण पाकातले पाणी आटवून तो झाकायला माश्यांना वेळ लागतो आणि थंडीत त्या पाकाला तोंडच लावत नाहीत. मग घट्ट साखरवडी किंवा कोरडी साखर गोळ्याच्या वर ठेवण्याखेरीज मार्ग उरत नाही. साखर पांढरीच हवी. गुळातले न पचणारे अंश आतड्यात साठतात आणि आठवडेच्या आठवडे बाहेर न पडता आलेल्या माश्यांना हगवण लागते.

ओल

एक किलो मध माश्यांनी जाळला की त्यातून जवळजवळ दोन-तृतीयांश किलो पाणी निघते. ही वाफ थंड झाकणाला लागली की तिचे थेंब गोळ्यावर पडतात, आणि कोरड्या माशीला न मारणारी थंडी भिजलेल्या माशीला मारते. म्हणून झाकणाखाली जाड उष्णतारोधक थर देतात, पेटी पुढे किंचित कलती ठेवतात आणि बरेच जण वर छोटे भोक ठेवतात. वरचे भोक ठेवावे की पेटी घट्ट बंद करावी, यावर मधपाळांत जुना वाद आहे. झाकण उबदार ठेवणे मात्र बाजू गुंडाळण्यापेक्षा निश्चितच महत्त्वाचे.

दाराला उंदीर शिरणार नाही अशी जाळी बसवतात. साचलेल्या बर्फातून हवा खेळते, त्यामुळे तो फारसा बाधत नाही. पण मेलेल्या माश्यांनी दार तुंबले तर ते मोकळे करावे लागते. कॅनडात अनेक मोठे व्यावसायिक पेट्या अंधाऱ्या, हवेशीर कोठारात ४ ते ५ अंशांवर ठेवतात. या तापमानाला माश्या सर्वांत कमी मध खातात.

भारतातील स्थिती

काश्मीरमध्ये घरांच्या भिंतींतच पोळ्यांसाठी कप्पे ठेवून आशियाई मधमाशी पाळण्याची परंपरा आहे. मेलिफेराचे मधपाळ मात्र पेट्या ट्रकवर लादून राजस्थान आणि पंजाबातल्या मोहरीच्या शेतांवर हिवाळा काढतात. महाराष्ट्रात थंडी हा प्रश्नच नाही. महाबळेश्वरच्या परिसरात सातेरी माश्यांचा (आशियाई मधमाशीचे हे इथले नाव) पडता काळ पावसाळ्याचा: फुलोरा नसतो, पावसाने बाहेर पडता येत नाही, पोळी पोखरणारा मेणकिडा वाढतो आणि उपाशी वसाहत पेटी सोडून निघून जाते. तिथला मधपाळ साखरेचा पाक, रिकाम्या पोळ्यांची आवराआवर आणि पेटीवरचे आच्छादन ही कामे पावसाच्या तोंडावर उरकतो.