चार ग्रे सगळ्या अंगाला, पन्नास ग्रे एका जागी

स्तनाच्या कर्करोगासाठी शेक (किरणोपचार) घेणाऱ्या बाईच्या फाइलवर ५० ग्रे असा आकडा असू शकतो. आणि सगळ्या अंगाला चार ग्रेच्या आसपास डोस बसला तर उपचाराविना निम्मी माणसे दगावतात, असेही कुठेतरी वाचनात येते. घरच्यांच्या पोटात गोळा येतो. आकडे दोन्ही खरे आहेत. ग्रे म्हणजे दर किलो ऊतीने शोषलेली ऊर्जा. असे किती किलो किरणांखाली आले, ते त्यात दिसत नाही. शिवाय ते ५० ग्रे पाच आठवड्यांत, रोज दोन-दोन करून देतात, आणि मधल्या तासांत निरोगी पेशी आपला डीएनए बराचसा दुरुस्त करून घेतात.

सगळ्या अंगाला एकदम चार ग्रे बसले की खरा मार बोन मॅरोवर, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या मगजावर, पडतो. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी एक-दोन दिवसांतच घसरतात, पुढच्या काही आठवड्यांत प्लेटलेट आणि इतर पांढऱ्या पेशी तळ गाठतात. नव्या रक्तपेशी बनवणाऱ्या मूळपेशीच फारशा उरल्या नाहीत, तर भरपाई करणार कोण?

अंगाचा काही भाग वाचला, तर चित्र पालटते. मोठ्या माणसात रक्त बनवणारा मॅरो कंबरेची हाडे, मणके, बरगड्या, छातीचे हाड, कवटी असा विखुरलेला असतो. वाचलेल्या हाडातल्या मूळपेशी रक्तातून फिरतात आणि ओस पडलेल्या जागी जाऊन रुजतात. शिकागोच्या लिऑन जेकबसन यांनी १९४९ मध्ये उंदरांची प्लीहा शिशाने झाकून बाकी अंगाला मारक डोस दिला, आणि बरेच उंदीर जगले. उंदराची प्लीहाही रक्त बनवते. बोन मॅरो प्रत्यारोपणाची वाट पुढे अशाच प्रयोगांतून निघाली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

पण एकाच जागी बसले म्हणजे थोडक्यात निभावले, असे मुळीच नाही. १९९९ मध्ये पेरूतल्या यानांगोत एका वेल्डरने इरिडियम-१९२ चा किरणोत्सर्गी स्रोत उचलून पँटच्या मागच्या खिशात ठेवला. तो जगला, पण मांडी इतकी जळाली की पाय कापावा लागला. त्या जागची कातडी आणि रक्तवाहिन्या मेल्यावर दुसऱ्या हाडातला मॅरो त्या परत आणू शकत नाही.

मॅरोचा मोठा वाटा कंबरेच्या हाडांत असल्याने ओटीपोटाच्या शेकात रक्तपेशी जास्त उतरतात. सोबत केमो चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, एकदाही चुकवू नका.