‘हॅपी बर्थडे जोशी’ ते एक फोन कॉल : घरच्या कॉम्प्युटरवरच्या हल्ल्यांची पार्श्वभूमी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ५ जानेवारी उजाडली की काही पीसी काम करता करता थांबायचे. पडद्यावर एकच सूचना: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. नेमके तेच शब्द टाइप केले की यंत्र पुन्हा चालू. नाही केले, तर कुठलंही बटण दाबा, हलायचं नाव नाही. १९९० च्या जूनमध्ये भारतात सापडलेला हा व्हायरस ‘जोशी’ याच नावाने जगभरच्या अँटीव्हायरसच्या याद्यांत नोंदला गेला. तो बूट सेक्टरमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या जागेत, ठाण मांडून बसायचा. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून यंत्र पुन्हा सुरू केलं तरी मेमरीतून जायचा नाही. वीजच बंद करावी लागे आणि मग स्वच्छ फ्लॉपीवरून सुरुवात.

घरच्या कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘कुठला अँटीव्हायरस टाकू?’ त्याच्याही आधी एक गोष्ट पाहायला हवी असं मला वाटतं: बाहेरचं घरात येतं कोणत्या वाटेने? ही वाट दर काही वर्षांनी बदलली. आणि आज आपण गृहीत धरतो ती संरक्षणाची जवळजवळ सगळी साधनं कुठला ना कुठला फटका बसल्यावरच आली.

पहिली वाट फ्लॉपीची. १९८६ मध्ये लाहोरमधल्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून तो केला, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या आत चक्क त्यांच्या दुकानाचं नाव, पत्ता, फोन नंबर होते आणि ‘लसीसाठी आमच्याशी संपर्क साधा’ असा मजकूर. हार्ड डिस्कला तो हात लावत नसे. ३६० केबीच्या फ्लॉप्यांवर मात्र तो असा पसरला की अमेरिकेतून लाहोरला फोन येऊ लागले. तेव्हा दोन मशीनमध्ये सहसा तारेची जोडणी नसे. माणूस खिशातून फ्लॉपी न्यायचा आणि सोबत व्हायरसही न्यायचा.

याच काळात पुण्यात एक गोष्ट घडली, तिचं मला फार अप्रूप आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला लागले. दुरुस्तीला येणारी कितीतरी मशीन खरं तर बिघडलेली नसायचीच, त्यांना व्हायरस लागलेला असायचा. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी व्हायरस काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली आणि त्यातून १९९५ च्या सुमारास क्विक हील हा अँटीव्हायरस उभा राहिला. कंपनीचं नाव तेव्हा कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं, ते २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या टेबलावर रोज तोच रोग दिसतो म्हणून त्यावरचं औषध तयार करायचं, हे मला अतिशय मोलाचं वाटतं. कारण त्या काळचा अँटीव्हायरस मुख्यतः ओळखपरेड करायचा. प्रत्येक व्हायरसच्या कोडमधला एखादा ठरावीक तुकडा, म्हणजे त्याची सही, यादीत असे आणि डिस्कवरची फाइल न् फाइल त्या यादीशी ताडून पाहिली जाई. ज्याच्या समोर रोज नवे रुग्ण येतात त्याचीच यादी ताजी राहणार. यादी सहा महिने जुनी झाली की सॉफ्टवेअर असून नसल्यासारखं.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं आणि दुसरी वाट उघडली. तिचा परिणाम जाणवायला मात्र तीन-चार वर्षं गेली. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याचा सीआयएच हा व्हायरस २६ एप्रिल १९९९ ला जागा झाला. चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघाताची तारीख म्हणून त्याला ‘चेर्नोबिल’ म्हणू लागले. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग तर तो पुसायचाच, शिवाय जमेल तिथे मदरबोर्डवरच्या बायोस चिपमधला, म्हणजे यंत्र सुरू करून देणारा, प्रोग्रॅमही उडवायचा. मशीन पुढे सुरूच होत नसे. चिप बदला नाहीतर बोर्ड बदला. आशियात, भारतातही, त्याने बरंच नुकसान केलं.

मग ४ मे २००० चा ‘आय लव्ह यू’. ओळखीच्याच माणसाकडून मेल, सोबत जोडलेली फाइल: ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’. शेवटचं ‘व्हीबीएस’ म्हणजे हा चालणारा प्रोग्रॅम आहे ही खूण. पण विंडोज ओळखीच्या फाइलींचं हे शेपूट आपणहून लपवायचं, म्हणून बघणाऱ्याला साधी टेक्स्ट फाइल दिसायची. उघडली की ती पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना जायची आणि फोटोंच्या फाइली पुसून त्यांच्या जागी स्वतःची प्रत ठेवायची. हा प्रकार मनिलाच्या एका तरुणाचा होता. त्याच्यावर खटला उभा राहू शकला नाही, कारण फिलिपिन्समध्ये तेव्हा असा कायदाच नव्हता. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला अमलात आला आणि त्याच्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या यंत्रात व्हायरस सोडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हापासून मी नव्या मशीनवर आधी एकच काम करते: फाइलींचं लपवलेलं शेपूट दिसेल अशी सेटिंग करते.

२००३ च्या ऑगस्टमधला ब्लास्टर हा वर्म, म्हणजे स्वतःच पसरत जाणारा प्रोग्रॅम, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात कोणाचीही चूक लागत नव्हती. मेल उघडायचा नाही, फाइल घ्यायची नाही; नुसतं नेट जोडलं की काही मिनिटांत पडद्यावर चौकट यायची, साठ सेकंद उलटे मोजले जायचे आणि विंडोज एक्सपी बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधीच दिलेला होता. एक्सपीत फायरवॉलही, म्हणजे नेटवरून आत येणाऱ्याला अडवणारा पहारेकरी, होता, पण बंद ठेवलेला! २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने तो सगळ्यांसाठी आपोआप चालू केला. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच द्यायची पद्धतही २००३ च्या ऑक्टोबरपासूनची.

आपल्याकडे मात्र अपडेटशी वेगळंच वैर होतं. असेंबल केलेल्या पीसीत विंडोज बहुधा चोरीचं असे. अपडेट चालू केलं तर ‘ही प्रत अस्सल नाही’ अशी पाटी येते, वॉलपेपर काळा होतो, म्हणून मशीन देतानाच अपडेट बंद करून दिलं जाई. घरातल्या माणसाला तो उपकार वाटे. व्हायरस लिहिणाऱ्यांच्या हुशारीने जितकं नुकसान झालं नसेल तितकं या बंद केलेल्या अपडेटने आपलं झालं, हे माझं ठाम मत आहे.

पेनड्राइव्हची वाट त्यानंतरची, आणि ती बहुतेकांनी स्वतः पाहिली आहे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणायची, घरी पेनड्राइव्ह लावायचा. आत आपल्याच फोल्डरांची नावं, पण प्रत्येकाची साइज सारखीच, काहीशे केबी. ते फोल्डर नव्हेतच; फोल्डरचं चित्र लावलेले प्रोग्रॅम. खरे फोल्डर लपवून ठेवलेले. काळ्या पडद्यावर अॅट्रिबची आज्ञा देऊन ते परत आणले, आणि त्यात माझ्या बहिणीचा अख्खा प्रोजेक्ट जसाच्या तसा निघाला, तो क्षण अजून आठवतो. २००७ च्या सुमारास तर फायरफॉक्स हा ब्राउझर किंवा ऑर्कुट ही सोशल नेटवर्किंगची साइट उघडली की दटावून बंद करणारा एक वर्मही सायबर कॅफेंमधून असाच घरोघर आला. पेनड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्रॅम चालू करणारी ऑटोरनची सोय जुन्या विंडोजवर अपडेटने बंद व्हायला २०११ उजाडलं. त्यानंतर २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटीव्हायरस विंडोजच्या आतच आला.

खंडणीचा प्रकार तसा जुना. १९८९ मध्ये एड्सच्या माहितीची म्हणून टपालाने पाठवलेली फ्लॉपी नव्वदाव्यांदा मशीन सुरू केल्यावर फाइलींची नावं गोंधळवून टाकायची आणि पनामातल्या पत्त्यावर १८९ डॉलर मागायची. पण टपालाने पैसे मागणारा सापडतो. बिटकॉइन आल्यावर तो धोका बराच कमी झाला आणि धंदा फोफावला. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा १२ मे २०१७ चा वॉनाक्राय दीडशेहून जास्त देशांत पोचला. त्याचाही पॅच मार्चमध्येच आला होता. त्याच वर्षी २७ जूनच्या नॉटपेट्याने मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज ठप्प केलं. अशा वेळी फाइली परत मिळवण्याचा खात्रीचा उपाय एकच: मशीनला न जोडता कपाटात ठेवलेल्या हार्ड डिस्कवरची प्रत.

आताची वाट फोनवरून येते. ‘बँकेतून बोलतोय, केवायसी संपलंय, हे अॅप टाका आणि नंबर सांगा.’ रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीत एनीडेस्कच्या नावाने बँकांना सावध केलं ते याच प्रकारासाठी. एनीडेस्क हे दुसऱ्याच्या मशीनवर दूरवरून काम करायचं रीतसर सॉफ्टवेअर आहे, व्हायरस नाही. घरच्या मालकानेच ते टाकलं, त्यानेच परवानगी दिली. अँटीव्हायरसच्या यादीत ताडून पाहायला सहीच नाही. म्हणून या वाटेवरचं साधन कॉम्प्युटरच्या बाहेर उभं करावं लागलं. २०२१ मध्ये केंद्राने सायबर फसवणुकीसाठी हेल्पलाइन सुरू केली, तिचा आजचा नंबर १९३०. तक्रार आली की पैसा ज्या ज्या बँकेतून पुढे सरकतोय तिला कळवलं जातं आणि वाटेत सापडेल तेवढी रक्कम गोठवली जाते. चोर ती एका खात्यातून दुसऱ्यात वळवत असतो, म्हणून फोन पहिल्या तासाभरात जायला हवा.