बंदुकीचा सायलेन्सर निवडताना एवढे फाटे का फुटतात, त्यामागची गोष्ट

आपल्याकडे सायलेन्सर म्हटलं की बुलेटचाच आठवतो, पोरं कंपनीचा काढून फटफट आवाजाचा लावतात आणि मग ट्रॅफिकवाले जप्त करून त्यावर रोलर फिरवतात, तो. पण गाडीचा सायलेन्सर आणि बंदुकीचा सायलेन्सर हे तसे सख्खे भाऊ आहेत, तत्त्व तेच, दाबलेला गरम गॅस एकदम बाहेर सोडायचा नाही, आधी आतल्या कप्प्यांत फिरवून थंड करायचा आणि मग हळूहळू सोडायचा. अमेरिकेत आज कोणी दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, रायफलला हवाय, .२२ ला (पाव इंचाहूनही बारीक गोळीच्या छोट्या बंदुकीला) हवाय की पिस्तुलाला? नवीन माणसाला वाटतं एक घेतला की झालं. तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात होते बापलेकापासून. बाप हायरम मॅक्सिम, १८८४ मध्ये मशीनगन बनवणारा, आयुष्यभर तिचा आवाज ऐकून ऐकून शेवटी जवळजवळ बहिरा झालेला. लेक हायरम पर्सी मॅक्सिम, याने १९०९ मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतलं. बाथटबमधलं पाणी भोवरा करत खाली जाताना बघून त्याला कल्पना सुचली असं सांगतात, गॅसलाही असंच गोल गोल फिरवलं तर? खरं असेल नसेल, पण त्याचं पहिलं डिझाइन गॅसला भोवऱ्यासारखं फिरवणारंच होतं. कंपनी कनेटिकटमधल्या हार्टफर्डची. गंमत म्हणजे हाच माणूस १९१४ मध्ये अमेरिकेतल्या हॅम रेडिओवाल्यांची, म्हणजे हौस म्हणून वायरलेसवर बोलणाऱ्यांची, संघटना उभी करणाऱ्यांत होता, आणि त्याची कंपनी पुढे बंदुकीचं सोडून इंजिनांच्या आणि कारखान्यांच्या सायलेन्सरकडे वळली.

त्या काळात ही वस्तू म्हणजे सभ्य माणसाची चैन होती. शेजाऱ्यांची झोपमोड न करता परसात नेमबाजी करा, अशा थाटात ती विकली जायची. थिओडोर रूझवेल्टच्या विंचेस्टर रायफलवरही मॅक्सिम सायलेन्सर होता. अमेरिकन सैन्यानेही स्प्रिंगफील्ड रायफलला लावून चाचण्या घेतल्या. पण सगळ्यात फिट्ट बसला तो .२२ लाच, आणि इथेच निवडीचा पहिला धडा आहे.

बंदुकीचा आवाज एक नसतो, तीन असतात. नळीच्या तोंडाशी गॅस फुटतो तो एक, गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात गेली की हवेत चाबूक ओढल्यासारखा कडाका होतो तो दुसरा, आणि बोल्ट, स्लाइड वगैरे लोखंडाची खटखट तिसरी. सायलेन्सर फक्त पहिल्यावर काम करतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, साध्या .२२ ची गोळी ३३० च्या आसपास जाते म्हणजे कडाका नाहीच, म्हणून तिथे सायलेन्सर लावला की खरंच टिचकी मारल्यासारखं वाटतं. .३०८ रायफलची गोळी ८०० च्या वर जाते, तिचा कडाका सायलेन्सरचा कुठलाही डबा थांबवू शकत नाही. (आपल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ज्या ५० मीटर प्रकारात ब्राँझ मिळवलं त्यातही .२२ च असते, आणि मॅचच्या गोळ्या मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, शांततेसाठी नाही हां, वेगाची ती सीमा ओलांडताना गोळी डगमगते म्हणून.)

सिनेमात रायफल फुस्स करते ते सोडून द्या. उघड्या रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या वर, चांगला सायलेन्सर त्यातले २० ते ३० उतरवतो, म्हणजे कानठळ्या बसायच्या त्या बसत नाहीत, बाकी आवाज दणदणीतच असतो. १४० डेसिबल ही अशा एका झटक्याच्या आवाजाची धोक्याची रेषा मानतात, तिच्याखाली आणायचं एवढाच खेळ. म्हणूनच जाणकार हल्ली सायलेन्सर न म्हणता सप्रेसर म्हणतात, इंग्रज मॉडरेटर म्हणतात, अमेरिकन कायद्यात मात्र अजून सायलेन्सरच लिहिलंय.

पिस्तुलाचं प्रकरण मात्र सगळ्यात किचकट, आणि ते सुटलं युद्धात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्त खात्याने वेलविन गावाजवळ वेलरॉड नावाचं पिस्तूल बनवलं. दिसायला पिस्तूल कमी आणि सायकलचा पंप जास्त, मॅगझिनचीच मूठ, आणि प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढायचा. आत रबराच्या चकत्या, गोळी त्या फाडत जाते आणि मागचा गॅस अडकतो. अतिशय शांत, पण थोड्याच गोळ्यांत चकत्या चाळणी होतात आणि बदलाव्या लागतात. डी लाइल कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, त्याच काळातली. बॉडी ली-एनफिल्डची, म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या थ्री नॉट थ्रीची, पण गोळी .४५ पिस्तुलाची, जी मुळातच २६० मीटरच्या आसपास जाते. मोजक्याच बनल्या, काही बर्मा आघाडीवरही गेल्या. मला विचाराल तर आख्ख्या इतिहासातलं सगळ्यात हुशार काम हेच, कारण त्यांनी सायलेन्सर नाही निवडला, आधी गोळी निवडली.

अमेरिकन हेरांकडे .२२ चं हाय स्टँडर्ड पिस्तूल होतं, नळीभोवतीच सायलेन्सर बसवलेलं. ते इतकी वर्षं वापरात राहिलं की १९६० ला सोव्हिएत हद्दीत अमेरिकेचं यू-टू हे हेरगिरीचं विमान पडलं तेव्हा पायलट गॅरी पॉवर्सकडे तसलंच सापडलं आणि रशियनांनी ते मॉस्कोत मांडून जगाला दाखवलं. व्हिएतनाममध्ये नेव्ही सील्सकडे, म्हणजे अमेरिकन नौदलाच्या कमांडोंकडे, स्मिथ अँड वेसनचं ९ एमएम होतं, टोपणनाव हश पपी, कारण शत्रूच्या पहारेकरी कुत्र्यांना गुपचूप मारण्यासाठी बनवलेलं. त्याला ९ एमएमची जड, हळू जाणारी गोळी लागायची, आणि आजही ९ एमएमवाल्याला दुकानदार १४७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जड गोळी घ्या म्हणून सांगतो ते याच कारणाने.

बरं, बहुतेक पिस्तुलांची नळी गोळी सुटल्यावर जरा मागे येऊन खाली झुकते, ब्राउनिंगची पद्धत. तिच्या टोकाला पावशेराचा डबा लटकवला की ती नीट हलत नाही आणि पिस्तूल पुढची गोळी घेत नाही. उपाय म्हणून डब्याच्या बुडाशी स्प्रिंग आणि पिस्टन घालतात, म्हणजे क्षणभर नळीला डब्याचं वजन जाणवतच नाही. त्याला बूस्टर म्हणतात किंवा नीलसन डिव्हाइस. रायफलच्या सायलेन्सरमध्ये हे नसतं, म्हणून तो पिस्तुलावर चालत नाही. पिस्तुलाचा रायफलवर लावाल तर दाब सहन न होऊन फुटायची भीती. आणि .२२ चा वेगळा का, तर त्याची शिशाची उघडी गोळी आत इतकी घाण करते की डबा खोलून घासता आलाच पाहिजे, रायफलचे बहुतेक डबे पूर्ण वेल्ड केलेले असतात.

वेल्ड केलेले का, यात इंजिनिअरिंगबरोबर कायद्याचाही हात आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने मशीनगनबरोबर सायलेन्सरवरही २०० डॉलर कर बसवला, आजच्या हिशोबाने चार हजारांच्या वर, आणि वस्तू स्वतः काही डॉलरची. म्हणजे आठ आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला. धंदा बसला. पुढे १९८६ ला कायद्याची व्याख्या बदलली आणि सुटे भागही सायलेन्सर धरले जाऊ लागले, त्यामुळे रबरी चकत्या बदलणं म्हणजे कायद्याचं लचांड झालं आणि धातूच्या बॅफलवरच, म्हणजे आत गॅस अडवणाऱ्या आडव्या पडद्यांवरच, भर राहिला. नोंदणी, बोटांचे ठसे, अगदी अलीकडेपर्यंत महिनोनमहिने वाट बघणं, एवढं करून हातात आलेली वस्तू माणूस एकदाच घेणार, मग ती जन्मभर टिकलीच पाहिजे आणि शक्यतो सगळ्या बंदुकांना चालली पाहिजे. मल्टी कॅलिबर नावाचे जे जड, महाग डबे निघाले ते याच हिशोबातून. त्यात भोक मोठ्या गोळीच्या मापाचं, म्हणून लहान गोळीला आवाज थोडा जास्त, सोयीची किंमत. उलट फिनलंड, नॉर्वेमध्ये शिकारी हे सर्रास वापरतात, कानाची आणि शेजाऱ्याची काळजी म्हणून, आणि तिथे नळीवर मागे सरकून बसणारे हलके डबे निघाले, म्हणजे बंदूक उगाच लांब होत नाही.

ए आर रायफलवाल्यांचं (गॅसच्या जोरावर पुढची गोळी आपोआप भरणारी ही रायफल) अजून एक दुखणं आहे, डबा गॅस अडवतो म्हणून तो उलटा मागे येतो आणि डोळ्यात जातो. हल्ली थ्रीडी प्रिंटिंगने टायटॅनियम आणि इनकोनेल या उष्णता सोसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूत असे डबे बनतात की गॅस वळसे घेत पुढेच निघून जातो, आवाज थोडा जास्त पण चेहऱ्यावर धूर कमी. अमेरिकन मरीननी २०२० च्या शेवटी पायदळाला सरसकट सप्रेसर द्यायला सुरुवात केली आणि २०२२ ला निवडलेली आर्मीची नवी सिग रायफल तर सप्रेसरसकटच आली.

आणि तो २०० डॉलरचा कर? नव्वद वर्षांत एक पैसा वाढला नाही की कमी झाला नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य केला, फॉर्म, ठसे आणि नोंदणी मात्र तशीच ठेवली, आणि आठ राज्यांत सामान्य माणसाला बंदी ती आहेच. आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही, भारतात आवाज कमी करणारं बंदुकीचं साधन प्रतिबंधित वर्गात मोडतं, साध्या परवान्यावर मिळत नाही.