फिरत्या सर्कशीतील जिराफ

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेतील सर्कशींबरोबर गावोगाव फिरणाऱ्या प्राणिसंग्रहातील एक महागडा व नाजूक प्राणी. हत्ती-सिंहांना उतरवत तसे त्याला सहसा रिंगणात उतरवत नसत. मुख्य खेळाआधी लोक शेजारच्या तंबूत त्याला पाहून घेत. त्याची उंची हाच त्याचा खेळ.

युरोपात जिराफाचे वेड पसरवले ते इजिप्तचा शासक मुहम्मद अली याने १८२०च्या दशकात फ्रान्स, इंग्लंड व ऑस्ट्रियाच्या राजांना पाठवलेल्या भेटींनी. फ्रान्सला निघालेल्या मादीची मान मावावी म्हणून जहाजाच्या डेकला भोक पाडावे लागले. १८२७ मध्ये ती मार्सेयहून पॅरिसला, सुमारे ९०० किमी, चक्क पायी गेली. तिला दूध पाजायला दुभत्या गाई सोबत होत्याच. वाटेत उसळलेली गर्दी पाहून खेळवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटले नसते तरच नवल. १८३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतही जिराफ तिकीट लावून दाखवले जाऊ लागले.

पुढे हा माल मुख्यतः सुदानमधून येई. पिल्ले पकडून वाळवंटातून तांबड्या समुद्राच्या बंदरांपर्यंत चालवत आणत. त्यांतली बरीच वाटेतच मरत. १८७० मध्ये हाम्बुर्गचा प्राणिव्यापारी कार्ल हागेनबेक याने प्राणी पकडून विकणाऱ्या लोरेन्झो कासानोव्हाने आणलेला असाच मोठा कळप सुएझ येथे ताब्यात घेतला. १८८१ मध्ये तिथे महदी या धार्मिक नेत्याचा उठाव झाला आणि सुदानची वाट जवळजवळ बंद पडली. या टंचाईचेही सर्कसवाल्यांनी भांडवल केले: आपल्याकडचा जिराफ जगातील शेवटचा, अशी जाहिरात रिंगलिंग बंधूंनी १८९०च्या दशकात ठोकून दिली. त्या वेळी पूर्व व दक्षिण आफ्रिकेत जिराफांचे कळप चरत होते, पण आडगावच्या प्रेक्षकाला ते कोण सांगणार?

खरी डोकेदुखी वाहतुकीची. रेल्वेचे पूल आणि बोगदे उंट-हत्तींना अडवत नसत, जिराफाला मात्र अडवत. त्यामुळे त्याच्यासाठी खास उंच गाडी बनवत: आतून गादीचे अस्तर आणि उघडता येणारे छप्पर. मुक्कामाला पोचल्यावर छप्पर उघडले की मान वर येई. लांब, सडपातळ पाय ही आणखी एक धास्ती. घसरून पाय मोडला तर जनावर हातचे गेलेच. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनाच जिराफ परवडे.

४ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रिंगलिंग कंपनीच्या प्राण्यांच्या तंबूला आग लागली. मेलेल्या प्राण्यांत हत्ती, उंट व झेब्रे यांच्याबरोबर जिराफही होते. १९५६ मध्ये या कंपनीने कापडी तंबू कायमचा गुंडाळला आणि बंदिस्त सभागृहांत खेळ सुरू केले.