पतगुणांक आणि स्थलांतरित (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

एखादी व्यक्ती कर्ज वेळेवर फेडील की नाही, याचा अंदाज तिच्या आजवरच्या कर्जव्यवहारांवरून बांधून तो ज्या तीन अंकी आकड्यात मांडला जातो, त्यास पतगुणांक (रूढ नाव क्रेडिट स्कोअर) म्हणतात. अमेरिकेत नव्याने आलेल्या माणसाला बहुधा असा गुणांकच नसतो, आणि पुष्कळ व्यवहारांत ही कोरी पाटी डागाळलेल्या पाटीइतकीच महाग पडते.

बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने १९८९ मध्ये सर्वसाधारण वापराचा फायको गुणांक आणला. त्याची व्याप्ती ३०० ते ८५० अशी असून एक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जव्यवहारांच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन संस्थांकडील माहितीवरून तो काढला जातो. त्यात परतफेडीच्या नियमितपणाला सुमारे ३५ टक्के, देणे असलेल्या व वापरातील उधारीला ३० टक्के आणि खात्यांच्या जुनेपणाला १५ टक्के महत्त्व असते. उत्पन्न, शिक्षण किंवा बँकेतील शिल्लक यांचा त्यात विचार होत नाही. गुणांक तयार होण्यासाठी किमान एक खाते सहा महिने जुने असावे लागते. चांगल्या पगाराची नोकरी घेऊन आलेला माणूसही त्यामुळे पहिले काही महिने या व्यवस्थेला दिसत नाही.

मायदेशातील पत त्याच्याबरोबर येत नाही. भारतात २००० मध्ये स्थापन झालेली सिबिल ही संस्था आज ट्रान्सयुनियनच्याच समूहात आहे. तरीही पुण्यात दहा वर्षे गृहकर्जाचा एकही हप्ता न चुकवलेल्या कुटुंबाची ती नोंद अमेरिकेतील पतअहवालात आपोआप उमटत नाही. दोन्ही देशांचे कायदे वेगळे (अमेरिकेचा १९७०चा, भारताचा २००५चा) आणि माहितीचे साठेही वेगळे आहेत.

याची झळ पहिल्याच आठवड्यात, घर शोधताना लागते. घरमालक गुणांक विचारतात आणि तो नसल्यास जास्त अनामत किंवा स्थानिक जामीन मागतात; वीजजोडणीसाठीही कधी अनामत भरावी लागते. अनेक राज्यांत मोटारविम्याचा हप्ता ठरवताना पतनोंदी पाहिल्या जातात. कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स यांनी मात्र त्यास मनाई केली आहे. एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी एच-१बी व्हिसा मिळालेल्याच्या कुटुंबीयांना दिला जाणारा व्हिसा) आलेल्या जोडीदाराची अडचण अधिक खोल असते. कामाची परवानगी नसेल तर सामाजिक सुरक्षा क्रमांक (ज्याच्या आधारे पतनोंदी सहसा जोडल्या जातात तो सरकारी क्रमांक) सहसा मिळत नाही, आणि घरखर्चाचा सगळा भार सांभाळणाऱ्या स्त्रीच्या नावावर वर्षानुवर्षे एकही नोंद होत नाही. घटस्फोट किंवा वैधव्य आले तर ही उणीव अचानक उघडी पडते, म्हणून ती किरकोळ मानता येत नाही.

या पद्धतीतील दोष सरकारी अभ्यासातही नोंदला गेला आहे. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २००७ मध्ये काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) सादर केलेल्या अहवालानुसार, अलीकडे आलेल्या स्थलांतरितांचे गुणांक त्यांच्या प्रत्यक्ष परतफेडीच्या मानाने काहीसे कमी राहतात, कारण खात्यांचे वय कमी असल्यामुळे त्यांची नोंद तरुण कर्जदारांसारखी दिसते. चाळिशीतल्या अनुभवी माणसाला विशीतल्या नवख्याच्या मापाने मोजणे हे अन्यायाचेच आहे.

गुणांक उभा करण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे अनामत ठेवून मिळणारे सुरक्षित क्रेडिट कार्ड, किंवा नातेवाइकाच्या जुन्या कार्डावर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव जोडून घेणे. २०१९ पासून अमेरिकन एक्सप्रेस ही क्रेडिट कार्ड कंपनी नोव्हा क्रेडिट या कंपनीमार्फत काही निवडक देशांतील पतनोंदी विचारात घेऊ लागली. त्यांत भारत आहे. मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचा वाटेल असा उपाय सॅन फ्रान्सिस्कोतील मिशन अ‍ॅसेट फंड या संस्थेचा आहे. स्थलांतरितांमध्ये परंपरेने चालत आलेल्या भिशीसारख्या मंडळांना तिने बिनव्याजी कर्जाचे रीतसर रूप दिले आणि सभासदांचे मासिक हप्ते पतनोंदी ठेवणाऱ्या संस्थांना कळवण्यास सुरुवात केली. विश्वासावर चालणारा, पण कागदावर कधीच न येणारा व्यवहार यामुळे पतपात्रतेचा पुरावा ठरला, आणि २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा कर्जांना कायद्याने मान्यता दिली.

घरभाड्याच्या नोंदीही आता काही ठिकाणी गुणांकात धरल्या जातात. मात्र त्यासाठी ते भाडे पतनोंदी ठेवणाऱ्या संस्थांना कळवले जावे लागते, आणि करारावर नाव न घालता चौघांपाचांत खोली वाटून राहणारे विद्यार्थी दरमहा वेळेवर पैसे देऊनही त्या नोंदीबाहेरच राहतात.